विकले नेमके कोण गेले?

कुठल्याही पुरोगामी म्हणवणाऱ्या बैठकीला जा, चहा येण्याच्या आत एक वाक्य कानावर पडतेच : ‘आपला महाराष्ट्र असा नव्हता हो!’ मग कोणी फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेते, कोणी एसेम आणि नानासाहेबांच्या आठवणी काढते, थोडी हळहळ होते आणि शेवटी गाडी येऊन थांबते ती बायकांपाशी. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, तेव्हापासून तर हे फारच वाढले आहे. ‘बायकांनी घात केला. पंधराशे रुपयांना विकल्या गेल्या.’ हे वाक्य मी पक्षकार्यालयांत ऐकले, निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले आणि, सांगायला वाईट वाटते, पण आपल्या चळवळीतल्या काही जुन्या मैत्रिणींकडूनही ऐकले. त्या मैत्रिणींशी मला भांडायचे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक मान्य करते. लोकांना आलेला उबग खोटा नाही. २०१९ पासूनच्या घटना नुसत्या ओळीने मांडल्या तरी डोके गरगरते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात भाजप आणि शिवसेना यांनी युती म्हणून मते मागितली. १०५ आणि ५६ जागा मिळवल्या. महिन्याभरात युती मोडली. २३ नोव्हेंबरला फडणवीस आणि अजित पवार यांचा तो प्रसिद्ध ‘पहाटेचा शपथविधी’ झाला आणि चार दिवसांत ते सरकार गेलेही. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, तेही ज्यांच्या विरोधात मते मागितली त्याच दोन्ही काँग्रेसना बरोबर घेऊन. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे चाळीसेक आमदार घेऊन आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले. तिथली झाडी आणि डोंगर पाहून मंडळी परतली तोवर राज्यात दुसरे सरकार आले होते. २ जुलै २०२३ ला अजित पवारही त्यात सामील झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि लगोलग राज्यसभेवर पोहोचले.

मी बीड जिल्ह्यात काम करते. आमच्याकडच्या एखाद्या बाईने २०१९ मध्ये भाजप नको म्हणून घड्याळाचे बटण दाबले असेल, तर चार वर्षांनी ते घड्याळ भाजपच्याच मांडीला मांडी लावून बसले. दुसरीने युती हवी म्हणून धनुष्यबाण निवडला असेल, तर तो आधी काँग्रेसच्या अंगणात गेला, मग दोरी एकाकडे आणि दांडा दुसऱ्याकडे अशी त्याची गत झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने तो शिंद्यांच्या हाती दिला. पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ अजित पवारांना मिळाले. बोट तेच, शाई तीच, बटणही तेच, आणि सरकार मात्र तिला न विचारता तीनदा बदलले. याला ‘राज्याचा कल बदलला’ म्हणतात! कल बदलला तो कुणाचा? मतदारांचा की मतदारांनी ज्यांना पाठवले त्यांचा?

हे काही आजचे नाही, हेही खरे. १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार पाडून पुलोद झाले. १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या विदेशी जन्माच्या मुद्द्यावर काँग्रेस फोडून राष्ट्रवादी निघाली आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून सरकार बनवले. आपण ज्या ‘असा नव्हता’ महाराष्ट्राची आठवण काढतो तोही याच खेळात वाढलेला आहे. फरक एवढाच, की पूर्वी हे करताना निदान तत्त्वाचे पांघरूण शोधावे लागे.

आता मुद्द्याचे. पक्षांतर करणाऱ्या आमदाराला आपल्या वर्तमानपत्रांनी काय म्हटले? ‘मुरब्बी’, ‘धूर्त खेळी’, ‘मास्टरस्ट्रोक’. फोडणाऱ्याला ‘चाणक्य’. आणि दीड हजार रुपये घेणाऱ्या बाईला? ‘विकली गेली’. मैत्रिणींनो, हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. ‘बाई विकली गेली’ हे आपल्या भाषेत कशासाठी वापरतात ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. चार घरे फिरणारा पुरुष रंगेल आणि रसिक, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणारी बाई वाईट चालीची. ज्या दुटप्पी नीतीविरुद्ध आपण इतकी वर्षे पथनाट्ये केली, शिबिरे घेतली, तीच नीती आता राजकारणाच्या चर्चेत आपल्याच तोंडून बोलू लागली आहे. शरीराच्या जागी मत आले, एवढेच.

शिवाय हिशेबही जुळत नाही. मे २०२४ मध्ये लोकसभेला याच राज्यात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. तेव्हा याच बायका होत्या. तेव्हा त्या ‘जागृत’ होत्या, ‘संविधानासाठी उभ्या राहिलेल्या’ होत्या. सहा महिन्यांत त्या ‘विकल्या’ गेल्या! विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले आणि त्यात बायकांची टक्केवारी पुरुषांपेक्षा थोडी कमीच होती. म्हणजे निकाल फिरवण्याइतके पुरुषही फिरले असणारच. त्यांना कुणी विकत घेतले, हा प्रश्न एकाही बैठकीत निघत नाही. आमच्या गटातली खुरपणीला जाणारी एक बाई मला म्हणाली, ‘ताई, आमी पंधराशे घेतले ते खात्यात, उजेडात. गडी आदल्या राती नोट अन् बाटली घेत्यात ती अंधारात. त्यांला कुनी इकलं म्हनत न्हाई.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ते शोधायचीही मला इच्छा नाही.

दीड हजार म्हणजे आमच्याकडे खुरपणीची पाचसहा दिवसांची मजुरी. त्यातून सिलिंडर येतो, किंवा पोराची फी जाते, किंवा बाई माहेरी जाऊन येते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहेच. कितीतरी जणींच्या बँकेच्या खात्यात नवऱ्याच्या हाताखालून न जाता आलेले हे पहिले पैसे होते. ते घेतले म्हणून त्यांना लाज वाटावी, अशी अपेक्षा कुणी करायची? प्राध्यापकांनी महागाई भत्ता घेतला की तो हक्क आणि बाईने दीड हजार घेतले की ती लाच, हा न्याय कुठला?

याचा अर्थ ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची आरती ओवाळावी असा नाही. माझे भांडण दोन्हीकडे आहे.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ही योजना आली. लोकसभेत फटका बसल्यावर तीन आठवड्यांत आली. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या मुहूर्तावर दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यात पडले. सरकारची योजना आहे तर ती नागरिकांसाठी हवी; इथे नागरिक कुठे दिसतच नाही, दिसतो तो भाऊ. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला ‘लाभार्थी’ हा शब्द शिकवला गेला आणि गावात काम करताना तो विसरायला मला बरीच वर्षे लागली. तो शब्द वाईट होताच. पण ‘लाडकी बहीण’ त्याहून घातक आहे. लाभार्थ्याला निदान अर्ज नामंजूर झाल्यावर कारण विचारता येते. बहिणीने भावाला कारण विचारायचे नसते. भाऊ देईल ते घ्यायचे आणि ओवाळायचे.

भाऊ-बहिणीच्या नात्याचा हिशेब महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठ्याला विचारा. भाऊबीजेला साडी आणि वडील वारल्यावर हक्कसोडपत्र. एकाच भावाचे हे दोन हात. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राच्या अकरा वर्षे आधी. त्याच वर्षी राज्याचे पहिले महिला धोरण आले. आणि तरीही आमच्या कार्यालयात येणाऱ्या दहा बायकांतल्या नऊ जणी सही करून मोकळ्या झालेल्या असतात. का केलीत, विचारले की म्हणतात, ‘माहेर तुटलं असतं.’ सरकारने नेमके हेच नाते उचलले आहे. ओवाळणी घ्या, वाटा मागू नका.

आणि ओवाळणी परत मागायची धमकीही लगेच आली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमरावतीकडच्या एका आमदाराने जाहीर सभेत, आशीर्वाद दिला नाहीत तर पंधराशे काढून घेईन, असे बहिणींना सुनावले. नंतर म्हणाले, गंमत केली. नोव्हेंबरात कोल्हापुरात सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने, पैसे आमचे घेऊन काँग्रेसच्या सभांना जाणाऱ्या बायकांचे फोटो काढून ठेवा, असे फर्मावले. नंतर माफी मागितली. त्याच ऑगस्टमध्ये बदलापुरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर बसले. त्यात ‘पैसे नकोत, सुरक्षा द्या’ अशा अर्थाचे फलक दिसले. तर ते फलक म्हणजेच आंदोलन राजकीय असल्याचा पुरावा, असे सरकार म्हणाले. भाऊ रागावला, की बहिणीचे दुःखही कट ठरते.

विरोधकांनी तरी काय केले? त्यांनी दीड हजाराला उत्तर दिले तीन हजारांचे. महायुतीने २,१०० चे आश्वासन दिले. एखाद्या बाजारात बोली लागावी तशी ही बोली लागली आणि मग हरलेल्यांनी म्हणायचे, की बायका विकल्या गेल्या! निवडून आल्यावर मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २,१०० कुठेच नव्हते. तरतूद ३६ हजार कोटींवर आली. मग सुरू झाली छाननी. आधी मते हवी होती तेव्हा अंगणवाडी सेविकांना एका अर्जामागे पन्नास रुपये सांगून रात्री उशिरापर्यंत अर्ज भरायला लावले. (याच अंगणवाडी ताई मानधन, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संपावर होत्या, तेव्हा त्यांना कामावरून काढण्याच्या नोटिसा गेल्या होत्या. त्या कुणाच्या बहिणी नव्हत्या बहुतेक.) मते मिळाल्यावर लक्षात आले, की अपात्र नावे फार आहेत. १४ हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यातही हे पैसे गेल्याचे २०२५ मध्ये बाहेर आले.

वगळल्या गेलेल्यांत सर्वांत आधी कोण, ते पाहण्यासारखे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतल्या सुमारे २ लाख ३० हजार बायका. नियम असा, की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला दीड हजार मिळत असतील तर ही योजना नाही. कागदावर पटण्यासारखे आहे. पण निराधार योजनेची अट माहीत आहे? कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. महिन्याला १,७५०! लाडकी बहीण योजनेची मर्यादा मात्र अडीच लाख. म्हणजे जिच्या घरात नवरा कमावतो, ती आणि जिचा नवरा मेला किंवा सोडून गेला, ती, दोघींना सरकार सारखेच दीड हजार देणार. फक्त दुसरीने त्यासाठी तहसीलच्या खेपा घालून आपण कशा उपाशी आहोत ते सिद्ध करायचे. निराधार बाईला बहीण मानायला भाऊ तयार नाही, कारण तिच्यामागे मते जमवणारे घर नाही.

याहून कहर झाला सप्टेंबर २०२५ मध्ये. ई-केवायसी आली. बाईने स्वतःचा आधार क्रमांक द्यायचा आणि त्याबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा. त्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो घालायचा. योजनेच्या पात्रतेत ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. या शब्दामागे आपल्या चळवळीची केवढी वर्षे आहेत! ‘टाकलेली’ म्हणू नका, तिचेही रेशनकार्ड करा, तिलाही घर द्या, म्हणून संगमनेरपासून आपल्या बायका झगडल्या. आणि आता सरकार त्याच परित्यक्तेला सांगते : ज्याने टाकले त्याच्याकडून आकडा घेऊन ये. आमच्याकडची एक बाई अकरा वर्षांनी नवऱ्याच्या गावी गेली. त्याने दुसरी केलेली. तो म्हणाला, ओटीपी देतो, आधी पोटगीची केस मागे घे. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात विधवा आणि घटस्फोटितांना सवलत मिळाली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा म्हणून. जिचा नवरा जिवंत आहे आणि ज्याने घटस्फोटही दिला नाही, तिने कुठला कागद आणायचा?

हे सगळे महायुतीच्या खात्यात टाकून आमच्या पुरोगामी मित्रांना बरे वाटेल. म्हणून दुसरी बाजूही मांडते. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी फेब्रुवारी २०२० मध्ये राजीनामा दिला. महाविकास आघाडीने नवीन अध्यक्ष नेमल्या त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधल्या काळात टाळेबंदी होती, मारहाण करणारा नवरा चोवीस तास घरात होता, आणि आयोगाची खुर्ची रिकामी! शक्ती कायदा डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. फाशीची तरतूद नको, असे स्त्री संघटना ओरडून सांगत होत्या, ते कोणी ऐकले नाही. आणि तो कायदा अमलात कधी आलाच नाही. त्यानंतरचे शिंदे-फडणवीस सरकार पाहा. ९ ऑगस्ट २०२२ ला अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली, त्यात एकही बाई नव्हती. महिला व बालविकास खातेही पुरुषाकडे. त्या खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये पहिले लक्षात राहणारे काम केले, ते आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलींची माहिती गोळा करणारी समिती नेमण्याचे. आंबेडकरांच्या महाराष्ट्रात! बोंब झाली तेव्हा ‘आंतरजातीय’ शब्द तेवढा वगळला. आणि एका तरुणीच्या मृत्यूनंतर २०२१ मध्ये ज्या मंत्र्याच्या राजीनाम्यासाठी भाजपच्या महिला नेत्यांनी रान उठवले होते, ते गृहस्थ त्याच ऑगस्टमध्ये भाजपच्या सहभागाने झालेल्या सरकारात पुन्हा मंत्री झाले. पोलिसांनी त्यांना निर्दोष म्हटले होते, हे इथे नमूद करते. पण मग आधीचे रान कशासाठी होते?

बीडच्या ऊसतोड बायकांचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. २०१९ मध्ये, फडणवीसांच्या काळात, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी पुढे आणली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कारण साधे आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल नवऱ्याच्या हातात पडते, बाईचा खाडा झाला की दंड बसतो. पाळीचा त्रास परवडत नाही, आणि खाजगी दवाखान्यात ‘पिशवी’ काढायला सांगणारा डॉक्टर तयारच असतो. त्या अहवालानंतर सरकारे बदलली, एका पक्षाचे दोन आणि दुसऱ्याचेही दोन झाले. स्वतः गोऱ्हेताई जुलै २०२३ मध्ये ठाकरे गटातून शिंदे गटात गेल्या. बाईचे नाव कोयत्याच्या हिशेबात स्वतंत्र लिहा, एवढी साधी मागणी तेवढी जागची हलली नाही. ज्यांना राज्य डावीकडून उजवीकडे गेल्याचे दुःख आहे, त्यांनी एकदा उसाच्या फडात येऊन पाहावे. तिथे बाईसाठी काहीच सरकत नाही.

सरकले काय, तर बायकांच्या खुर्च्या. २०१९ च्या विधानसभेत २४ बायका होत्या, २०२४ मध्ये २१ निवडून आल्या. लाडक्या बहिणींनी जिंकून दिलेल्या सभागृहात बहिणी कमी झाल्या! आणि खाली तर त्याहून मोठी गोष्ट घडली, जिच्याबद्दल या हळहळणाऱ्या मंडळींपैकी कोणी अवाक्षर काढले नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या देशात बाईला सत्तेत निम्मा वाटा प्रत्यक्ष मिळतो ती हीच जागा. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिकांची मुदत संपली, आणि पुढे निवडणुकाच नाहीत. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची रचना, एका सरकारने मुंबईचे प्रभाग २३६ करायचे, दुसऱ्याने ते पुन्हा २२७ वर आणायचे, असा खेळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बजावले तेव्हा कुठे हालचाल झाली. नगरपालिकांची मतदाने डिसेंबर २०२५ मध्ये आणि मुंबई महापालिकेचे १५ जानेवारी २०२६ ला झाले. जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासक. आमच्या बीड जिल्हा परिषदेत तर २०२५ साल संपले तरी साहेबच बसलेले.

याचा अर्थ काय होतो, तो गावात राहिल्याशिवाय कळत नाही. पूर्वी अंगणवाडीला पोषण आहार आला नाही, तर आम्ही गटाच्या बायका पंचायत समितीच्या सदस्य बाईच्या दारात जाऊन बसायचो. ती कुणाची तरी सून म्हणून निवडून आलेली असे, आधी घाबरत असे, नवऱ्याकडे पाहत असे. पण तीन वर्षांत तीच बाई बीडीओच्या टेबलावर हात आपटायला शिके. असे शिकलेले हात मी स्वतः पाहिले आहेत. प्रशासकाच्या दारात जायला चिठ्ठी लागते, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकावे लागते. एक पूर्ण पिढीभर बायकांचे शिकणे बंद पडले. आमदार हॉटेलांतून फिरत होते त्याच काळात ही दारे बंद होती, आणि बाईच्या हातात सत्तेऐवजी दीड हजार ठेवले गेले. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांना, किंवा १९८६ मध्ये चांदवडला जमलेल्या शेतकरी बायकांना, कुणी खात्यात पैसे टाकून बोलावले नव्हते. त्या आल्या, कारण कुणीतरी गावोगाव जाऊन त्यांच्याशी बोलले होते. आज आपण किती गावांत जातो? निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर बसून ‘बायका अशा का वागल्या’ विचारण्याआधी हे मोजून पाहावे.

बदललेल्या महाराष्ट्राची मलाही भीती वाटते. पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीड आणि माजलगावात आमदारांची घरे पेटवली गेली. पुढच्या वर्षी बीडची लोकसभा अवघ्या ६,५५३ मतांनी लागली, आणि मराठा कोण आणि वंजारी कोण, हे ज्या गावांत चारचौघांत विचारले जात नव्हते तिथे किराणा दुकानही जातीवर निवडले जाऊ लागले. आमचे पंधरा वर्षे जुने बचत गट फुटले. एका गावात दोन मैत्रिणी, एक अध्यक्ष आणि एक सचिव, बँकेत वेगवेगळ्या दिवशी जाऊ लागल्या, कारण घरातल्या पुरुषांनी ‘तिच्यासंगं दिसायचं न्हाई’ असे बजावले होते. दोघीही मला एकांतात सांगत, की आमचे काही वाकडे नाही. दोघींनीही आपापल्या घरी सांगितले तिथे मत दिले. हे जे दुभंगणे आहे ते कुठल्या आमदाराच्या परत येण्याने सांधणार नाही, आणि त्यावर बैठकांत चर्चाही होत नाही, कारण ते आकड्यांत दिसत नाही. त्या गटाची बैठक आम्ही गेल्या वर्षी पुन्हा सुरू केली. अकरापैकी सात जणी आल्या. कर्जाचा हिशेब झाला. निवडणुकीचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

आता कामाचे. आमच्या तालुक्यात आम्ही अशा बायकांची यादी करीत आहोत, ज्यांच्याकडे ना नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आहे, ना घटस्फोटाचा कागद, आणि २०२५ च्या त्या ओटीपीमुळे ज्यांचे पैसे अडकले. ग्रामसभेचा ठराव किंवा सरपंच आणि अंगणवाडी सेविका यांच्या सहीचा पंचनामा हा परित्यक्ता असल्याचा पुरावा धरावा, आणि निराधार योजनेची २१,००० ची अट अडीच लाखांच्या बरोबरीला आणावी, अशा दोन मागण्या घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जायचे ठरले आहे. आपापल्या तालुक्यातल्या अशा बायकांची नावे, गाव आणि किती वर्षांपासून वेगळ्या राहतात एवढा तपशील मैत्रिणींनी अंकाच्या पत्त्यावर पाठवावा. नवऱ्याचे नाव नसले तरी चालेल.